इंजिन खोलण्याआधी ठिणगी, पेट्रोल आणि दाब तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमी-दसरा जवळ आला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कितीतरी घरांत गोठ्याच्या किंवा पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी जुनी जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट बाहेर काढली जाते, धुतली-पुसली जाते, तिला झेंडूचा हार घातला जातो आणि मग घरातील तरुण मुले तिच्यावर किकमागून किक मारू लागतात. बहुतेक वेळा गाडी सुरू होत नाही. त्यानंतर जे घडते ते मला फार खटकते आणि त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे. गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेली जाते, तिथे 'इंजिनचे काम निघाले' असे सांगितले जाते, इंजिन खोलले जाते आणि हजारो रुपये घालूनही ती सुरू झाली नाही की घरचे लोक कंटाळून तिला भंगाराच्या काट्यावर चढवतात. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केल्यानंतर मी जबाबदारीने सांगतो की, चालू स्थितीत उभी केलेली आणि पुढे नुसती पडून राहिलेली गाडी सुरू न होण्याचे कारण इंजिनच्या पोटात क्वचितच असते. ते बहुधा ठिणगीत असते, नाही तर पेट्रोलमध्ये असते, आणि प्लगचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर एवढ्या सामानात ते घरच्या अंगणात सापडते. मात्र तपासणी क्रमाने व्हायला हवी.

या गाड्या आपल्याकडे शोभेसाठी आलेल्या नव्हत्या. मद्रासच्या एनफिल्ड इंडियाने १९५५ पासून बुलेट बनवायला घेतली, चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे उत्पादन १९६१ च्या सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावाने सुरू केले आणि पुढे तीच गाडी येझदी नावाने १९९६ पर्यंत निघत राहिली, तर एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या १७५ सीसी गाडीच्या धर्तीवर बेतलेली होती. रावेर-यावलच्या केळीच्या बागांपर्यंत जाणारे गाडरस्ते, चोपडा-शिरपूरकडची काळी माती, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन टांगून पहाटे शहराकडे निघणारे दूधवाले, हे सगळे या गाड्यांनी सोसले आहे. त्यांची रचना साधी आहे. त्यांत संगणक नाही, सेन्सर नाही, आणि म्हणूनच बिघाड डोळ्यांनी पाहता येतो व हातांनी दुरुस्त करता येतो.

अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला आल्याआल्या किक मारू नये, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. प्लग काढावा, त्याच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑईल सोडावे, गाडी रात्रभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवून पाहावे. पिस्टन सुटा होऊन फिरू लागला तर निम्मी काळजी मिटली. अडकलाच असेल, तर किकवर उभे राहून जोर करू नये, कारण तसे केल्याने पिस्टनच्या रिंगा मोडतात आणि तोपर्यंत नसलेले इंजिनचे काम खरोखरच निघते. त्याच वेळी सायलेन्सरच्या टोकात एक लवचिक तार घालून पाहावी. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा छिद्रांत मातीचे घर करते. बाहेरून काही दिसत नाही, पण तार आत गेली की सुकलेल्या मातीचे ढेप खळखळून बाहेर येते. धूर बाहेर जायला वाट नसेल तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही उत्तम असूनही गाडी सुरू होणार नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस आणि चिंध्या कोंबलेल्या असणेही आपल्या कापसाच्या पट्ट्यात नवलाचे नाही.

आता ठिणगीकडे, ज्याला आपले मिस्त्री 'करंट' म्हणतात. प्लग काढून तो त्याच्या कॅपमध्ये परत बसवावा, प्लगचे लोखंडी अंग इंजिनच्या हेडला घट्ट टेकवावे आणि कोणाला तरी किक मारायला सांगावी. हे काम सावलीत किंवा संध्याकाळी करावे, कारण भर उन्हात चांगली ठिणगीसुद्धा दिसत नाही आणि 'करंटच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्लग मोकळ्या छिद्रापासून दूर धरावा, कारण छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ती पेटू शकते. ठिणगी निळसर आणि 'चट्' असा आवाज करणारी असेल तर ठीक. पिवळट, बारीक, मधूनच येणारी असेल तर पुढे शोध घ्यावा. प्रथम दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला प्लग लावून पाहावा. प्लगची फट बहुतेक जुन्या गाड्यांत अर्ध्या ते सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. नंतर प्लगची कॅप बदलून पाहावी. कॅपला बारीक तडा असला की करंट प्लगपर्यंत न पोहोचता बाहेरच उडतो, आणि अंधारात पाहिले तर ते स्पष्ट दिसते.

तरीही ठिणगी येत नसेल तर पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारी धातूची दोन टोके, पाहावीत. उभ्या गाडीत पॉइंटच्या टोकांवर करडा थर चढतो आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली दिसत असूनही त्यांतून वीज जात नाही. माझ्या अनुभवात बंद पडलेल्या जुन्या गाड्यांत या एका थराइतके दुसरे कोणतेही कारण वारंवार आढळत नाही. अगदी बारीक पॉलिश पेपरची घडी पॉइंटमध्ये धरून दोन-चार वेळा ओढावी, मग कोरा जाड कागद ओढून धूळ काढावी. खरखरीत एमरी पेपर किंवा कानस वापरू नये, कारण त्याचे चरे पुढे पॉइंट लवकर जाळतात. पूर्ण उघडलेल्या स्थितीत पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, अंदाजाने ठेवू नये.

इथे गाडी कोणती आहे हे लक्षात घ्यावे लागते. राजदूतला फ्लायव्हील मॅग्नेटो आहे, म्हणजे ठिणगीची वीज इंजिन फिरतानाच तयार होते, त्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी ती सुरू व्हायला हवी. जुनी जावा किंवा पॉइंटवाली बुलेट मात्र बॅटरी आणि कॉईलवर (कमी व्होल्टची वीज ठिणगीइतकी वाढवणाऱ्या गुंडाळीवर) चालते, आणि बॅटरी मेलेली असेल तर पॉइंट कितीही घासले तरी उपयोग नाही. सहा व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर असताना साधारण ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. घाईने ट्रॅक्टरची किंवा कारची बारा व्होल्टची बॅटरी वायरींनी जोडून सहा व्होल्टची गाडी सुरू करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्यात बल्ब तर जातातच, कॉईलही तापून खराब होते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या आप्पांची डायनॅमोवाली जावा हौसेने रंगवून घेतली. चौकटीला पावडर कोटिंग झाले, टाकीला मरून रंग आणि सोनेरी रेघा आल्या, पण गाडी सुरू होईना. एका गॅरेजने, ज्याचे नाव मी घेणार नाही, सिलिंडर बोर करून (आतून कातून मोठा करून) नवा पिस्टन घातला. तरीही परिणाम शून्य. ती गाडी माझ्यासमोर आली तेव्हा किल्ली फिरवल्यावर दिवा मंद लागत होता आणि हॉर्न घोगरा वाजत होता, जरी बॅटरी नवी आणि पूर्ण चार्ज केलेली होती. बॅटरीची अर्थची वायर, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी वायर, चौकटीला जिथे बोल्टने आवळलेली होती, तो बोल्ट काढला, तर खाली काचेसारखा गुळगुळीत काळा रंग होता. लोखंडाला वायर कुठेच टेकत नव्हती, जी काही वीज जात होती ती बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी जात होती. रुपयाएवढी जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडली, इंजिन चौकटीला जिथे बसते तिथेही तसेच केले, वायर पुन्हा आवळली आणि ठिणगी निळी झाली. गाडी थोड्याच किकांमध्ये बोलू लागली. बोर आणि पिस्टनचा खर्च पूर्णपणे वाया गेला, आणि मूळ मापाचा सिलिंडर कायमचा गेला तो वेगळाच. नव्याने रंगवलेली गाडी सुरू होत नसेल तर प्रथम अर्थ तपासावा, हे मी आग्रहाने सांगतो.

गाडी थंड असताना सुरू होते, बाजारापर्यंत जाते आणि तिथे बंद पडली की तासभर थांबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही, ही तक्रार आपल्याकडे विशेषतः उन्हाळ्यात ऐकू येते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, इंजिनजवळची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते, आणि अशा तापमानात जुना कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) किंवा कॉईल दगा देते. कंडेन्सर गेल्याची खूण अशी की, पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच मोठी ठिणगी उडते, टोके काळी पडतात आणि प्लगची ठिणगी मात्र दुबळी होते. कंडेन्सर स्वस्त असतो, पण हल्ली मिळणारा प्रत्येक नवा कंडेन्सर चांगला असतोच असे नाही. बदलूनही फरक पडला नाही तर नवाच खराब असू शकतो, हे ध्यानात ठेवून दुसरा लावून पाहावा.

ठिणगी चांगली आहे आणि तरीही गाडी सुरू होत नाही, तर दहा-बारा किकांनंतर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत जात नाही. तो ओलाचिंब असेल तर गरजेपेक्षा जास्त जाते आहे. अशा वेळी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून, प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका माराव्यात म्हणजे आत साचलेले पेट्रोल बाहेर पडते. टू-स्ट्रोक गाडीत, म्हणजे जावा, येझदी किंवा राजदूतमध्ये, ते क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या बंद पेटीत) साचत असल्याने हे जरा जास्त वेळ करावे लागते.

पेट्रोलच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे आणि जुन्या मिस्त्रींनीही तिची दखल घ्यायला हवी. जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. या धोरणाचा ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना लाभ होतो, त्याला माझा विरोध नाही. परंतु या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पुरेसे पाणी मिसळले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. कॉक पेट्रोल घेतो तो नेमका तळाजवळून. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी दसऱ्याला सुरू होत नाही, त्यामागे अनेकदा हेच असते. कॉकची नळी काढून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली अर्धा तास न हलवता ठेवावी. खाली वेगळा थर, गंजाची तांबडी भुकटी किंवा वार्निशसारखा उग्र वास आढळला तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. टू-स्ट्रोक असल्यास गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात ऑईल मिसळायला विसरू नये. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ सुटून खाली येतो, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि गाळणी त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. गाडी पुन्हा महिनोन् महिने उभी करायची असेल, तर कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) पेट्रोल साठवणारी वाटी तरी रिकामी करून ठेवावी.

कार्ब्युरेटर पूर्ण उघडण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. खालची वाटी काढली की तळाचा चिकट थर दिसतो. पायलट जेटचे (गाडी सुरू होताना पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीचे) छिद्र इतके बारीक असते की अशा थराचा एक कण ते बंद करतो, आणि तेवढ्याने गाडी सुरू होणे थांबते. जेट उजेडासमोर धरून पाहावा. छिद्र दिसत नसेल तर पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ करावा, फार तर वायरमधला तांब्याचा एक पातळ धागा घालावा. पोलादी तार किंवा पिन घालून छिद्र मोठे केले तर गाडी पुढे कधीच नीट चालत नाही. आणखी एक गोष्ट सहज सुटते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बंद असेल तर गाडी सुरू होते, थोडे अंतर जाते आणि बंद पडते. झाकण उघडताना 'सुस्स' असा आवाज आला तर दोष तिथे आहे.

तिसरी तपासणी दाबाची. प्लगच्या छिद्रावर अंगठा घट्ट दाबून किक मारली असता अंगठा जोराने उडायला हवा. उडाला तर इंजिन खोलण्याचा विषय तिथेच बाजूला ठेवावा. बुलेटमध्ये दाब कमी वाटला तर आधी डीकम्प्रेसरची (किक हलकी करण्यासाठी दाब सोडणाऱ्या खटक्याची) केबल फार ताणलेली नाही ना हे पाहावे, कारण ती ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. मग इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी फिरवून पाहावेत. ते सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. घट्ट असतील तर टॅपेट (पुशरॉडची ढील) जुळवल्याबरोबर दाब परत येतो. बुलेटची किकही पद्धतशीर मारावी लागते, जी हल्लीच्या मुलांना कोणी शिकवलेली नसते. किल्ली लावून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबावी, डीकम्प्रेसर ओढून ती किंचित पुढे न्यावी, डीकम्प्रेसर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण, सलग किक मारावी.

टू-स्ट्रोक गाड्यांत दाब दोन ठिकाणी लागतो, सिलिंडरमध्ये आणि खाली क्रँककेसमध्येही, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण तिथूनच वर ढकलले जाते. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी ऑईल सील वर्षानुवर्षे पत्र्याखालच्या उष्णतेत कडक होतात. मॅग्नेटो किंवा डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर आत फुकटची हवा शिरते आणि गाडी सुरू होऊन लगेच विझते. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरबॉक्सचे ऑईल ओढले जाते आणि पांढरा धूर निघतो. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही निर्विवाद ठीक असताना ही लक्षणे दिसली तर इंजिन अवश्य खोलावे. परंतु मालकाने समोर उभे राहावे, सिलिंडरचे माप घेतल्याशिवाय बोर करू देऊ नये आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

दसऱ्याच्या धुलाईविषयीही एक सूचना करतो. सर्व्हिसिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्याने जुनी गाडी धुऊ नये. ते पाणी पॉइंटच्या कव्हरखाली, प्लगच्या कॅपमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये शिरते, आणि आदल्या दिवशी चालणारी गाडी पूजेच्या दिवशी मुकी होते. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

कागदपत्रांचा प्रश्न थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात हे विसरून ती रस्त्यावर नेऊ नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना शेतावर जायला गाडी हवी आहे त्यांनी साध्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा.

दोष केवळ गॅरेजवाल्यांचा नाही. आज पंचविशीत असलेल्या मेकॅनिकने फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर काम शिकले आहे, पॉइंट आणि कंडेन्सर त्याने कदाचित कधी हाताळलेलेच नसतात, आणि ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींना केवळ आवाजावरून दोष कळत होता त्यांची दुकाने एकेक करून बंद होत आहेत. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक दिवस जुन्या दुचाकींच्या तपासणीसाठी ठेवावा, त्या दिवशी परिसरातील अनुभवी मिस्त्रींना सन्मानाने बोलवावे आणि गाडीमालकांना आपल्या बंद गाड्या व असल्यास त्यांची मूळ पुस्तके घेऊन येऊ द्यावे, म्हणजे त्या पुस्तकांच्या छायाप्रती संस्थेच्या ग्रंथालयातही राहतील. असा दिवस ठरल्यास मी स्वतःची हत्यारे घेऊन तिन्ही ठिकाणी विनामूल्य येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
अमळनेर, जि. जळगाव